झावळ्यांच्या रविवारी काय झालं

सांडोर, वसई
रविवार, २२ जून २०२५

प्रिय ॲनी,

तुला आणि सँड्राला माझा आशीर्वाद. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. आम्ही इथे बरे आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

सांडोरहून निर्मळला पोस्टाने पत्र पाठवते आहे म्हणून पोस्टातला माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. रिक्षाने अर्ध्या तासात पोचता येईल अशा ठिकाणी ही म्हातारी तिकीट चिकटवतेय! पण करू काय? तू फोन उचलत नाहीस. मागच्या आठवड्यात केळ्यांचा घड घेऊन स्वतः आले, तर तुझ्या भावाने, केनीने, घड घेतला, ‘दीदी कामात आहे’ म्हणाला आणि फाटक लावून घेतलं. घड मात्र बरा चालला त्याला. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण माझ्या तोंडावर फाटक लावणारा हा पहिलाच.

एरॉलबद्दल लिहिते. नवरा आहे तुझा, निदान वाचशील तरी.

नव्या गोळीने तो बारा-बारा तास झोपतो. दोन महिन्यांत नऊ किलो वाढला. सदऱ्याची बटणं लागत नाहीत. वाडीत जातो तो कोयता हातात घेऊन नुसता उभा राहतो. हाक मारली तर बघतो, पण ‘काय’ म्हणायला त्याला वेळ लागतो. लिथियमवर होता तेव्हा हाच माणूस पहाटे उठून केळींना पाणी सोडायचा आणि सँड्राची वेणीसुद्धा घालायचा, वाकडी का होईना. ती गोळी चार वर्षं लागू पडली होती. आता डॉक्टर म्हणतात, ‘लिथियम पुन्हा नाही. याला ते झेपत नाही.’ फाईलवर लाल शाईने लिहून ठेवलंय.

मला या डॉक्टर लोकांचा इतका संताप येतो की सांगता सोय नाही. बारा वर्षांत माझ्या भावाच्या आजाराला तिघांनी तीन नावं दिली. पहिला म्हणाला, डिप्रेशन. त्याच्या गोळीने एरॉल असा काही उधळला की सगळ्या वाडीतले घड तोडून गावात घरोघरी फुकट वाटून आला, आणि वर तीन रात्री गात बसला. दुसरा म्हणाला, स्किझोफ्रेनिया. त्याच्या इंजेक्शनने तोंड वाकडं झालं, लाळ गळायची. तिसऱ्याने, या मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी, दोन तास बसवून आमच्या आजोबांपर्यंतची माहिती विचारली आणि सांगितलं की हा बायपोलर, पहिल्यापासून हाच होता. रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही म्हणे. मग आठ वर्षं ती पोरगी कामणहून रोज मुंबईला जाऊन संशोधन करणार आणि तोवर आमच्या माणसांनी काय करायचं? रोशनीबद्दल म्हणतेय मी, त्या डॉक्टरांकडची, एरॉलच्या रोजच्या नोंदींचे चार्ट देणारी. लिथियम कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे त्यांना शोधायचंय. एरॉल त्यांचा लाडका पेशंट होता, इतका गुण आलेला. आता त्यातूनही त्याचं नाव काढलं.

कधीकधी दुपारी तो बावखलाच्या काठावर जाऊन बसतो. काही करत नाही, पाण्याकडे बघतो. पुतळाबाई निंदणीला येते, ती काल मला म्हणाली, “बाई, एरॉलदादा पान्याकडं बघत बसतो ना, तवा माझा हात चालत नाय कामात. मी तिकडंच बघत ऱ्हाते.” मी तिला रोज थोडं लवकर यायला सांगितलंय.

झालं ते झालं, ॲनी. माणूस आजारी आहे. त्याला एकदा माफ करून घरी ये. सँड्राची भूगोलाची वही इथेच राहिली आहे, ती या पत्राबरोबर पाठवत नाही, तू नेशील म्हणून ठेवली आहे.

तुझी,
फेलिशिया बाय

·

सांडोर
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय ॲनी,

केनीच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. तीन आठवड्यांनी दोन ओळी, तेही माझ्या तब्येतीची चौकशी न करता! ‘बाय, झावळ्यांच्या रविवारी तो प्यायला होता की नव्हता, एवढंच सांगा. तुम्ही सकाळपासून त्याच्याबरोबर होतात.’ कोर्टातल्या वकिलासारखं विचारलंस.

आता इतक्या दिवसांनी हे का उकरतेस, ते मला कळत नाही. ईस्टरला आठवडा असताना निघालेल्या त्या मिरवणुकीत सगळ्या गावाने बघितलं. हातात झावळी धरून तो भेलकांडत चालला, क्रुसाजवळ पडला, ओकला, जीभ जड झाली होती. गॉडफ्रे सगळ्यांदेखत म्हणाला, “काय रे, सकाळी सकाळीच?” आणि चार माणसं हसली. सहा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली तेव्हा तूच अट घातली होतीस की पुन्हा प्यायला तर मुलीला घेऊन जाईन. त्याप्रमाणे संध्याकाळी गेलीस. तुला कुणी दोष दिलेला नाही. मी तर नाहीच.

आणि दुसऱ्या दिवशी त्याला हॉस्पिटलात न्यायला कोण होतं? मी. त्याला आपलं नाव सांगता येत नव्हतं. रक्तात लिथियम हवं त्याच्या तिप्पट निघालं. तीन दिवस सलाईन. एक शिकाऊ डॉक्टर, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, प्रश्नांची सरबत्ती करत होता. गोळ्या जास्त घेतल्या का? पाणी कमी पीत होते का? दारू घेतात का? जेवणाखाण्यात काही बदल? मी रात्रभर जागी होते, त्याला काय काय उत्तरं दिली ते मला आता आठवतही नाही.

तू नसताना या घरात काय काय चाललंय, ते तरी ऐक. हॉस्पिटलातून आल्यावर ईस्टरच्या आदल्या दिवशी एरॉलने फादरना बोलावून घेतलं आणि पापनिवेदन केलं. नंतर मला म्हणाला, “बाय, मी सांगून टाकलं, मी प्यायलो. कुठे प्यायलो तेवढं मात्र आठवत नाही गं. कुणाबरोबर बसलो होतो?” मी म्हटलं, झोप आता.

आता दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये दारू सोडलेल्यांची सभा असते, तिथे जातो. सहा वर्षं तिथे त्याला मान होता. नवे आले की त्यांना एरॉलशेजारी बसवायचे. आता तो उभा राहून सांगतो की मी झावळ्यांच्या रविवारी प्यायलो, आणि त्या दिवसापासूनचे दिवस मोजतो. परवा ऐंशी-नव्वद झाले म्हणून टाळ्या वाजवल्या म्हणे. घरी येऊन मला सांगताना हसला. या नव्या गोळीवर तो महिन्यातून एकदा हसतो, तेही यावर.

उपवासकाळात आम्ही दोघांनी मीठ सोडलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. तुझ्यासाठी आणि सँड्रासाठी मी टेबलावर मिठाची बरणी ठेवत होते, तुमचे हाल केले नाहीत. माझ्या लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा आमच्या आईने चाळीस दिवस मीठ सोडलं होतं आणि मी उठले. मी म्हटलं, तिच्या मुलाच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून आपण एवढं तरी करावं. ज्याच्यासाठी नवस, त्यानेही पाळायला हवा. एरॉलही अळणी जेवला. एवढं करून पदरात काय पडलं, ते तू बघतेच आहेस.

रोशनीचा फोन आला होता. एरॉलचा अभ्यासातला कागद बंद करायचा आहे, जुने चार्ट घेऊन या, म्हणाली. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. तर म्हणते, “टीचर, प्लीज, मला एक गोष्ट समजत नाहीये. चार्टवर सगळं परफेक्ट आहे, तरी लेव्हल एवढी कशी गेली? सर पण विचारत होते.” मी फोन ठेवला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर समक्ष देईन. तू घरी ये, मग बोलू.

फेलिशिया बाय

·

सांडोर
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

ॲनी,

नाही. एरॉल प्यायला नव्हता.

त्या दिवशी पहाटे पाचपासून मी त्याच्याबरोबर होते. चहा मीच दिला. त्याचा हात इतका थरथरत होता की कप बशीत वाजत होता, अर्धा चहा सदऱ्यावर सांडला. चार दिवस हात थरथरत होते, पोटही बिघडलं होतं. मी म्हटलं, उन्हाळा आहे, उपवास आहे, चालायचंच. झावळी दोन्ही हातांनी धर, असं मीच त्याला सांगितलं. तो क्रुसाजवळ पडला आणि गॉडफ्रे बोलला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला आठवतंय तू कशी बघत होतीस. मी फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. मी खाली बघितलं.

कारण मला तेव्हाच भीती वाटली होती की हे मिठामुळे आहे.

दोन वर्षांपूर्वी रोशनीने चार्टबरोबर एक छापील कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं की मीठ आणि पाणी रोजच्यासारखं ठेवा, एकदम कमी-जास्त करू नका, फार घाम, उलट्या, जुलाब झाले तर लगेच कळवा. शरीरात मीठ कमी झालं की लिथियम बाहेर पडत नाही, साठत जातं. तिने तोंडानेही सांगितलं होतं, “टीचर, उपवास वगैरे असेल ना, तर आधी मला फोन करा हां.” मला राग आला होता. काल शाळेतून बाहेर पडलेली पोरगी मला उपवास शिकवणार! तो कागद मी प्रार्थनेच्या पुस्तकात घालून ठेवला. तुला दाखवला नाही.

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, तू ऑफिसला निघताना दारात थांबून मला विचारलं होतंस, “बाय, मीठ सोडायचं डॉक्टरांना विचारलंत ना?” मी म्हटलं, “हो.” मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं. एवढा एक शब्द खोटा बोलले आणि मग त्याला सांभाळत बसले.

चार्टात रोजचा एक प्रश्न असतो, जेवण नेहमीसारखं आहे का. चाळीस दिवस मी त्यावर ‘हो’ची खूण केली. मुलांनी परीक्षेत एकमेकांचं बघून लिहिलं तर पट्टीने मारणारी बाई मी! शुक्रवारी तर तो तीन वाजेपर्यंत पाणीही न पिता वाडीत राबायचा. पुतळाबाई मला म्हणाली होती, “बाई, आमी मिठागरावर उन्हात काम क्येलंय. घाम गेला की मीठ लागतंच मानसाला. अळनी पेज पिऊन कोन राबलं नाय.” मी तिला सांगितलं, तुला आमच्या धर्मातलं काय कळतं.

हॉस्पिटलात त्या शिकाऊ डॉक्टरने विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. तुला मागच्या पत्रात लिहिलं की आठवत नाही, तेही खोटं. जेवणात बदल? मी म्हटलं, नाही. दारू? मी म्हटलं, हो, असेल, पूर्वी प्यायचा. बिचाऱ्याने लिहून घेतलं. दारू पिणाऱ्या, गोळ्यांची शिस्त न पाळणाऱ्या माणसाला लिथियम देत नाहीत, धोका असतो. म्हणून त्याची गोळी गेली, आणि आदल्या दिवशी मी खाली बघितलं म्हणून तू गेलीस. आजाराला तीन नावं देणाऱ्यांवर मी बारा वर्षं ओरडले, आणि चौथं नाव मी स्वतः दिलं.

तुझ्या चिठ्ठीनंतर मला अन्न गोड लागेना. ३१ जुलैला एकटीच मुंबईला गेले. डॉक्टरांसमोर चार्ट ठेवले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “साडेतीन महिने, बाई?” रोशनी बाजूला उभी होती, तिचे डोळे भरून आले. मग डॉक्टर म्हणाले, “आम्हाला रक्तात दिसतं तेवढंच दिसतं. ताटात काय होतं, ते घरच्यांनी सांगितल्याशिवाय आम्हाला कसं कळणार?” त्यांनी फाईल मागवली, ती लाल ओळ खोडली आणि बाजूला नवीन लिहिलं. एरॉलच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून दिल्या, त्या इथे करून घेतल्या, निकाल काल आले, चांगले आहेत. लिथियम पुन्हा चालू करता येईल, अगदी थोड्यापासून, आठवड्याला रक्त तपासून.

रविवारी एरॉलला सांगितलं. तो वाडीत सुकलेली पानं काढत होता. मी उभ्या उभ्या सगळं बोलले, एकदाही थांबले नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे माझी सहा वर्षं मोडली नव्हती?” मी म्हटलं, नाही रे. तो खाली बसला, मातीत. मी खांद्यावर हात ठेवायला गेले तर त्याने तो बाजूला केला, रागाने नाही, हळूच. त्या दिवसापासून तो माझ्या हातचं जेवत नाही. स्वतः भात लावतो, करपवतो, आणि तोच खातो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते. 

गुरुवारी तो सभेत उभा राहिला आणि म्हणाला, मी त्या दिवशी प्यायलो नव्हतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, पण विश्वास एकानेही ठेवला नाही. तिथे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी असंच म्हणालेला असतो. सभा चालवणाऱ्या डेरिकने त्याच्या पाठीवर थाप मारली, “होतं असं, एरॉल. परत पहिल्यापासून.” मी हॉलच्या बाहेर पायरीवर बसले होते. मला ते ऐकवलं नाही. मी आत गेले आणि जे डॉक्टरांना सांगितलं तेच सांडोरच्या सत्तावीस माणसांसमोर सांगितलं, त्यांतले नऊ जण माझे विद्यार्थी. गॉडफ्रेच्या बायकोने संध्याकाळपर्यंत बाकीच्या गावाला सांगितलं असणार. बरंच झालं, माझी फेरी वाचली.

आता कामाचं लिहिते. गोळी चालू करायला घरातली एक जबाबदार व्यक्ती लागते. चार्ट भरणारी, काही बिघडलं तर त्याच वेळी फोन करणारी. कागदावर माझं नाव होतं, ते डॉक्टरांनी काढलं आणि ते बरोबर आहे. तशी व्यक्ती नसेल तर नवी गोळीच चालू ठेवावी लागेल, आणि त्या गोळीवर एरॉल कसा आहे ते मी तुला लिहिलं आहे. बावखलाचंही लिहिलं आहे. डॉक्टरांकडे जायची तारीख आहे सोमवार, १८ ऑगस्ट, सकाळी अकरा. जबाबदार व्यक्तीने नाव घालून सही करायचा कोरा कागद या पत्रात घातला आहे. छापील सूचनांचा कागदही घातला आहे, नीट वाच.

माझी अडचण होऊ नये म्हणून मी सोमवारपासून पापडीला, शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ॲंजेलाकडे राहायला जाते आहे. तिच्या घरी एक खोली रिकामी आहे. स्वयंपाकघराच्या किल्ल्या पुतळाबाईकडे दिल्या आहेत. हे तुला दबाव आणायला लिहीत नाही. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. जवळजवळ चार महिने मी तुला एका खोट्यावर माहेरी बसवून ठेवलं, तुझ्यावर माझा कसलाच हक्क उरलेला नाही. सँड्राला तिच्या बाबाबद्दल वर्गात कुणी काही बोललं असेल, तर तिला खरं सांग. माझं नाव घेऊन सांग.

काल फोनवर डॉक्टरांनी एरॉलला विचारलं, कुणाचं नाव घालू? त्याने तुझं सांगितलं. त्याने फोन ठेवला. मग आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, “ती नाही म्हणाली तरी चालेल, बाय. तिला फक्त कळू दे.”

कळवलं.

फेलिशिया